एक टायर फुटला, बदलायचे किती?

खेड तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पती कुवेतला असतात, बकरी ईदला घरी येणार आहेत. त्यांना आणायला सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन त्या स्वतः गाडी चालवत मुंबईच्या विमानतळावर जाणार आहेत. गेल्या महिन्यात भोस्ते घाटाखाली एका खड्ड्याच्या धारदार कडेवर पुढचे डावे चाक आदळले आणि टायरची बाजू चिरली. स्टेपनी लावून त्या घरी आल्या. मग सल्ले सुरू झाले. टायरचा दुकानदार म्हणतो, चारही बदला, 18 हजार होतील. दीर म्हणतात, एक फुटला तर एकच घ्यायचा, साडेचार हजारांत काम होईल. नाक्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, आतून मोठा पॅच मारून देतो, तीनशे द्या. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, "कुर्बानीसाठी पैसे बाजूला ठेवले आहेत. त्यांना हात लावावा लागेल का, एवढेच सांगा."

प्रश्न टायरचा असला तरी घरात तो असाच येतो: फीचे पैसे, ईदचे पैसे, औषधाचे पैसे यांच्या रांगेत. शिवाय त्या गाडीत दोन मुले आणि म्हातारी सासू बसणार, पाऊस तोंडावर आणि वाटेत घाट. म्हणून या वेळचा सगळा मजकूर याच एका पत्रासाठी.

तीनशे रुपयांचा सल्ला आधी बाजूला करू. टायरचा जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, त्यात पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे खिळा किंवा स्क्रू घुसला आणि भोक पेन्सिलीच्या जाडीपेक्षा, म्हणजे साधारण 6 मिलिमीटरपेक्षा मोठे नसेल, तर पंक्चर नीट काढता येते आणि टायर पुढेही चालतो. बाजूची भिंत मात्र पातळ असते. तिच्यात फक्त दोऱ्यांचे थर असतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती दबते आणि पुन्हा ताठ होते. तिथला पॅच टिकत नाही. चीर नसेल, नुसता फुगा आला असेल, तरी आतले दोरे तुटलेले आहेत असेच समजायचे. असा टायर गावात आठ-पंधरा दिवस चालेलही, पण भर वेगात फुटेल तेव्हा आगाऊ सूचना देणार नाही. हवा गेलेली असताना दोन-तीन किलोमीटर तसाच चालवलेला टायरही याच रांगेतला. बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून रबराचा भुगा झालेला असतो. म्हणून दुकानात टायर रिमवरून उतरवून आतून पाहायला सांगावे.

इथे पंक्चरवाल्याबद्दल थोडे बोलायला हवे. हा शब्द आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्री दोन वाजता महामार्गावर जो माणूस उठून आपले चाक उघडतो, त्याच्या कामात लाजण्यासारखे काही नाही. भोक कुठे आहे आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहे की नाही, हे चांगल्या पंक्चरवाल्याला हाताने चाचपून कळते. ज्याला कळते आणि तरीही जो बाजूच्या भिंतीला पॅच मारून देतो, त्याने तीनशे रुपये कमावले, पण गिऱ्हाईक गमावले. "हा टायर आता नको, बहन" असे सांगणारा भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

तर तो टायर गेला. आता एक, दोन की चार? याचे उत्तर फुटलेल्या टायरात नसते, उरलेल्या टायरांत असते. ते किती झिजले आहेत यावर सगळे ठरते. ते न मोजता "चारही बदला" किंवा "एकच पुरे" म्हणणारा अंदाजाने बोलतो आहे, मग तो दुकानदार असो वा दीर.

मोजायला यंत्र लागत नाही. काडेपेटीतली काडी टायरच्या नक्षीच्या मधल्या चरीत उभी घालायची, नखाने खूण धरायची आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजायची. एका टायरवर तीन ठिकाणी मोजा: आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला. कारच्या नव्या टायरची चर साधारण 7-8 मिलिमीटर खोल असते. मोटार वाहन नियमांप्रमाणे कारसाठी ती 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. (दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा 0.8 आहे.) टायर बनवणाऱ्यांनी या मर्यादेची खूणही करून ठेवलेली असते. चरीच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे सांगणारा लहान त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही अक्षरे टायरच्या बाजूला छापलेली असतात. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कायद्याची मर्यादा आणि कोकणातला पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरचे पाणी बाहेर फेकणे हे त्या चरींचे काम असते. त्या उथळ झाल्या की पाण्याच्या पातळ थरावर टायर तरंगतो आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. पावसाळ्यात घाट चढणाऱ्या गाडीला मी 3 मिलिमीटर हीच शेवटची मर्यादा मानतो.

नक्षीबरोबर टायरचे वयही पाहा. बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 2321 असेल तर तो टायर 2021 सालच्या 23 व्या आठवड्यात बनला आहे. रबर उन्हाने आणि काळाने कडक होते, गाडी उभी असली तरी. पाच वर्षे उलटली की दरवर्षी टायर जाणत्या माणसाला दाखवावा. बाजूला बारीक भेगांचे जाळे दिसले तर नक्षी कितीही खोल असो, तो टायर लांबच्या प्रवासाला नको.

आता दिरांचे म्हणणे. एकच नवा टायर का चालू नये? कधी कधी चालतो. गाडी वर्षभराचीच आहे, उरलेल्या टायरांवर 6-7 मिलिमीटर नक्षी आहे आणि त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा टायर मिळतो आहे, तर एकच घ्या. उगाच जास्त घेणे हा इस्राफ झाला. पण जोडीचा टायर अर्ध्याहून जास्त झिजलेला असेल तर गणित बदलते. 185/65 आर 15 या मापाचा टायर घ्या. त्याची रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या 65 टक्के आणि रिम 15 इंचांचे. नवा असताना त्याचा पूर्ण व्यास साधारण 62 सेंटिमीटर भरतो आणि एका किलोमीटरला तो सुमारे 512 फेरे घेतो. नक्षी 8 मिलिमीटरवरून 3 वर आली की व्यास एक सेंटिमीटरने घटतो आणि फेरे होतात सुमारे 520. म्हणजे एकाच एक्सलवर एक नवा आणि एक असा झिजलेला टायर लावला, तर झिजलेल्याला प्रत्येक किलोमीटरला आठ फेरे जास्त घ्यावे लागतात. चारशे किलोमीटरच्या प्रवासात हे तीन हजारांवर जातात. दोन्ही चाकांना कमीजास्त फिरू देणारा डिफरन्शियल खरे तर वळणासाठी असतो. मग तो सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर खोल नक्षीची बाजू धरते, उथळ बाजू सरकते आणि गाडी एका अंगाला ओढते. म्हणून नियम असा की एका एक्सलवरचे दोन टायर सारखे हवेत: माप तेच, कंपनी आणि नक्षी तीच, झीजही जवळपास तेवढीच. दोघांमध्ये एक-दीड मिलिमीटरचा फरक असेल तर मी हरकत घेणार नाही. तीन-चारचा असेल तर जोडी घ्या.

दुकानदाराचेही सगळे चूक नाही. उरलेले तीन टायर 3 मिलिमीटरच्या खाली असतील किंवा भेगाळले असतील, तर त्याचे "चारही बदला" बरोबर आहे. आज दोन आणि तीन महिन्यांनी दोन घेऊन काही वाचत नाही, उलट दोनदा मजुरी जाते. दुसरे एक कारण गाडीच्या बनावटीत असते. ज्या गाड्यांत इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना जाते, त्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांतला फरकही सोसत नाही. मधली यंत्रणा तापते आणि तिची दुरुस्ती चार टायरांपेक्षा कितीतरी महाग पडते. आखातात अशा मोठ्या गाड्या बाळगणारे आपले पुष्कळ वाचक आहेत. त्यांनी गाडीसोबतच्या पुस्तिकेत किती फरक चालतो ते पाहावे आणि त्याहून जास्त असेल तर चारही घ्यावेत. आपल्याकडच्या घरगुती लहान गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना जोडी पुरते.

जोडी घेतल्यावर ती लावायची कुठे? इथे दहापैकी नऊ जण, दुकानातले कामगारसुद्धा, पुढे म्हणतात. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, मग नवे टायरही पुढे. पण जास्त नक्षीचे टायर मागे लावायचे असतात. पुढचे टायर पाण्यावर घसरले तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग हलके लागते, आपल्याला कळते, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघतो आणि वेग कमी झाला की पकड परत येते. मागचे घसरले तर गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. भीतीने ब्रेक दाबला की अजून फिरते. घाटातल्या वळणावर ते सावरणे रोज गाडी चालवणाऱ्यालाही जमत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हाच नियम आहे. दुकानात उभे राहून नवे मागेच लावून घ्या. मागचे पुढे आणायला लागणारी मजुरी फार नसते.

आता खेडच्या भगिनीचा हिशेब. मी त्यांना काडीने मोजून कळवायला सांगितले होते. त्यांनी चारही टायरांचे आकडे कागदावर लिहून पाठवले, आणि एका गोष्टीची नोंद न विचारता केली: बनल्याची तारीख. टायर साडेचार वर्षांचे, गाडी 31 हजार किलोमीटर चाललेली. पुढचा उजवा टायर 3 मिलिमीटर, मागचे दोन्ही 5 मिलिमीटर. पुढची चाकेच गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा बहुतेक भारही तीच घेतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे केले असते तर चारही सारखे झिजले असते, पण ते राहून गेले. मागच्या टायरांवर भेगा नाहीत. आणि स्टेपनी, जिच्यावर त्या घरी आल्या, ती त्या दिवसापर्यंत डिकीतून बाहेर निघालेली नव्हती. तिच्यावर पूर्ण 8 मिलिमीटर नक्षी आहे.

(स्टेपनी हा शब्द इंग्रजांच्या बोलण्यातही आता उरलेला नाही. वेल्समधल्या लानेली गावात 1904 साली स्टेपनी स्ट्रीटवरच्या एका दुकानात जादा चाक तयार झाले आणि रस्त्याचे नाव चाकाला मिळाले. ते नाव आपण जपून ठेवले, चाकाकडे मात्र बघत नाही.)

दुकानदार, दीर आणि पंक्चरवाला या तिघांनीही स्टेपनी हिशेबात धरली नाही. तिचे माप बाकीच्या चौघांचे आहे, कंपनी आणि नक्षीही तीच. म्हणजे या घरात एक कोरा टायर आधीच आहे. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एकच नवा विकत घ्यायचा आणि स्टेपनी अशी जोडी मागे लावायची. मागचे 5-5 मिलिमीटरवाले दोन्ही पुढे आणायचे. तीही सारखी जोडी आहे आणि पावसाळा काढायला पुरेशी आहे. 3 मिलिमीटरवाला एकटा उरतो, तो डिकीत स्टेपनी म्हणून. अडीअडचणीला गावापर्यंत न्यायला तो चालतो. खर्च साडेचार हजार, शिवाय बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नव्या व्हॉल्व्हचे थोडे पैसे. कुर्बानीच्या पैशांना हात लावायची गरज नाही, अल्हम्दुलिल्लाह. दिरांचा आकडा बरोबर निघाला. पण एकच घेऊन तो पुढे झिजलेल्या टायरशेजारी बसवला असता, तर तेवढ्याच पैशांत गाडी धोक्याची झाली असती.

ही युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून आधी तपासा. हल्ली कित्येक गाड्यांना मुख्य टायरांपेक्षा अरुंद स्टेपनी येते. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती जोडीला लावायची नाही, तात्पुरतीच वापरायची. काही गाड्यांत चार चाके अलॉयची आणि स्टेपनी लोखंडी रिमची असते. टायरचे माप तेच असेल तर टायर एका रिमवरून काढून दुसऱ्यावर चढवता येतो. तीच नक्षी बाजारात मिळत नसेल तर सरळ दोन नवे घ्या. आणि स्टेपनी सात-आठ वर्षांची असेल तर ती न वापरताही म्हातारी झाली आहे.

नवा टायर घेतानाही बनल्याची तारीख वाचा. वर्षाहून जुना माल असेल तर दुसरा मागा. मापाच्या पुढे छापलेला आकडा आणि अक्षर, म्हणजे टायर किती वजन आणि किती वेग सोसेल हे, पूर्वीच्या टायरइतकेच किंवा जास्त हवे. पक्के बिल घ्या, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. 2025 च्या सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तो बिलात बघा. विम्याची आशा ठेवू नका. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटल्याची भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मी मिळते. टायरसाठी वेगळे कलम जास्तीचे पैसे भरून घेतले असेल तर गोष्ट निराळी.

पैसे वाचवायला सेकंडहँड टायर घ्यावा का, असे अनेक जण विचारतात. मी नको म्हणतो. काळे पॉलिश मारलेल्या टायरच्या आत किती पॅच आहेत हे बाहेरून दिसत नाही. आपल्या वाचकांत टायरचा धंदा करणारे आहेत, त्यांना धान्याच्या ढिगाची हदीस माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागले. ते ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विकणाऱ्याला विचारले. टायरच्या बाबतीत दोष लपवण्याचा परिणाम घाटात दिसतो, म्हणून त्याची जबाबदारीही मोठी. आणि "अल्लाहच्या भरवशावर निघतो" म्हणत गोटा झालेल्या टायरांवर बायकामुलांना बसवणाऱ्या बंधूंनी उंट आधी बांधायची हदीस आठवावी.

भगिनींसाठी शेवटचे काही. खड्ड्याचा दणका रिमलाही बसतो. नवा टायर चढवण्यापूर्वी ते रिम यंत्रावर फिरवून वाकले नाही ना ते पाहून घ्या, नाहीतर हवा हळूहळू जात राहील. स्टेपनीत हवा बहुतेक कमीच असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे पाचही टायरांत भरून घ्या, आणि तीही टायर थंड असताना. हे सगळे विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी करू नका. नव्या टायरचे वरचे आवरण गुळगुळीत असते, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर त्याची पकड पुरती येत नाही. आठवडाभर आधी बदलून घ्या, चिपळूणला दोन-तीन फेऱ्या मारा आणि मग एकदा दुकानात जाऊन चाकांचे सगळे नट पुन्हा आवळून घ्या. फुटलेला टायर मात्र घरी आणू नका. अंगणात पडला तर पहिल्याच पावसात त्यात पाणी साचेल आणि डेंगीचे डास वाढतील.